मखमलीची झूल आणि गावित बाई

तीन वर्षांपूर्वीचा पाच नोव्हेंबर. रक्कम आठ हजार चारशे रुपये. हजर: अध्यक्ष नाना, पाच संचालक, सहाव्या संचालक गावित बाई, आणि दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी. मी पतसंस्थेचा अंतर्गत तपासनीस. हिशेब तपासायचे, मत द्यायचे नाही. जिच्याबद्दल बैठक होती ती रंजना पाडवी बाहेर काउंटरवर बसून होती. तिला आत बोलवा, असे एकट्या बाई म्हणाल्या.

नाना म्हणाले, "बोलाईसन काय करशात? रडी ती."

"रडू दे. रडून झाल्यावर बोलेल."

कोणी उठले नाही. ठराव झाला: दरमहा चौदाशे रुपये, असे सहा पगारांतून वसूल करावेत, आणि एप्रिलअखेर तिची मुदत संपली की पुढे ठेवू नये. तिचा पगार सात हजार. म्हणजे दर पाच रुपयांतला एक. ठरावाला बाईंचा एकटीचा विरोध. "पुरावा काय?" एवढे दोनच शब्द त्यांनी लिहून घ्यायला लावले आणि उठून गेल्या. जाताना दार आपटले. आपटले म्हणजे वरची चौकट हलली.

घडले होते ते इतके साधे की आज लिहितानाही माझ्या कपाळाची शीर उडते. ऑक्टोबरात एका दुपारी नानांचे साडू आठ हजार चारशे रुपये भरायला आले. रंजनाने नोंद केली, बटण दाबले आणि कॉम्प्युटर जागच्या जागी थिजला. पडद्यावरचा बाण हलेना, कोपऱ्यातले घड्याळ पुढे सरकेना. हे नेहमीचेच होते. तिने तो बंद करून पुन्हा चालू केला. यादीत नोंद दिसेना, म्हणून पुन्हा चढवली. संध्याकाळी दिवसाचा हिशेब बंद करताना पहिलीही उगवली. एकच खाते, एकच रक्कम, दोनदा. गल्ला तेवढ्याने कमी. मी तपासून सांगितले की हा एकच भरणा आहे, दोन नोंदींमध्ये फक्त मशीन पुन्हा चालू होण्याइतके अंतर आहे. नानांनी साडूंना विचारले. साडू म्हणाले, "दोनदा भरेल व्हतीन. मले काय याद शे?"

आठ हजार चारशे रुपये आपण एकदा भरले की दोनदा, हे न आठवणारा माणूस मी माझ्या बावन्न वर्षांत दुसरा पाहिलेला नाही. पण ते नानांचे साडू, आणि रंजना ही तळोद्याच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यातून आलेली, खोली भाड्याने घेऊन राहणारी मुलगी. यादीतली रक्कम खरी आणि ही चोर, असा हिशेब जुळवला गेला.

गावित बाई माझ्या शेजारी, आमच्या कॉलनीत मधली एक भिंत सोडून. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मूळच्या चिंचपाड्याकडच्या. आई दवाखान्यात नर्स होती, आणि आईची एक सवय बाईंच्या हातात उतरली होती: कशालाही हात लावायचा तो उलट्या पंजाने. पोराचे कपाळ, पाण्याचा पंप, मोटरसायकलची टाकी, इस्त्री. "तळहात खोटं बोलतो, त्याला काम करून करून घट्टे पडलेले असतात," असे म्हणायच्या. चष्म्याच्या घरात चष्म्याबरोबर एक छोटा पेचकस असे. लग्न केले नव्हते. का, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

त्यांचा राग सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायचा. रस्त्यावर पाणी सोडणाऱ्यावर, बंद पडलेल्या पथदिव्यावर, 'बहुतेक' हा शब्द वापरणाऱ्यावर. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेहून परतत होत्या, वाटेत कोणीतरी गटारात कचरा टाकताना दिसला. तिथेच स्कूटी उभी करून त्याला पाव तास झापले. मी म्हटले, "बाई, आत्ताच तर प्रार्थनेहून आलात. क्षमा वगैरे?" तर म्हणाल्या, "आहे ना. मागणाऱ्याला आहे. हा कुठे मागतोय?"

माझी मुलगी सातवीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचे घर आणि त्यात दिवा असे काहीतरी करत होती. दिवा लागेना. ती बाईंकडे गेली आणि म्हणाली, "मला वाटतं सेल खराब आहे." बाई कडाडल्या, "वाटतं ते खिशात ठेव. दिसलं काय ते सांग." पोरगी रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिले, गूळ-शेंगदाणे दिले, मग म्हणाल्या, "आता एकेक वायर काढ. एका वेळी एकच. दोन एकदम बदलल्यास तर दिवा लागेलही, पण का लागला ते तुला जन्मात कळणार नाही." दोष सेलमध्ये नव्हता. दिव्याखालची पट्टी वाकलेली होती. माझी मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे आणि बाईंचे नाव काढले की अजून सरळ बसते.

तर अशा बाई त्या कॉम्प्युटरच्या मागे लागल्या. मशीन का थिजते हे सापडले तर साडूंच्या दोन नोंदींचे कारण सापडेल आणि पोरीच्या नावावरचा डाग जाईल, एवढे सरळ गणित. त्यासाठी एप्रिलअखेरपर्यंतचा वेळ.

आधी पप्पूशी गाठ पडली. पप्पू म्हणजे संस्थेचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. कानाला फोन, बोटात चावी फिरते आहे. त्याचे निदान ठरलेले: "व्हायरस शे बाई. फॉरमॅट मारनं पडी." वर्षभरात त्याने पाच वेळा फॉरमॅट मारला होता, दर वेळी सहाशे रुपये. म्हणजे तीन हजार, आणि थिजणे जिथल्या तिथे.

"व्हायरस दिसला का तुला?" बाईंनी विचारले.

"दिसस नही बाई, तो आत ऱ्हास."

"मग डॉक्टर पाच वेळा तेच इंजेक्शन देतो, ताप उतरत नाही, तर आजार दुसरा आहे की डॉक्टर गाढव आहे?"

पप्पूने नानांकडे पाहिले. नाना हसले. पप्पू त्यांच्या गल्लीतला.

बाई पहिल्यांदा सपशेल चुकल्या, हेही सांगितले पाहिजे. त्यांची खात्री होती की विजेचा दाब कमी-जास्त होतो आणि अर्थिंग कोरडे पडले आहे. त्यांनी मागच्या अंगणात खड्डा उकरून मीठ-पाणी ओतायला लावले, बैठकीत भांडून नवा यूपीएस घ्यायला लावला, चार हजार दोनशेचा. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मशीन थिजले. नाना मुद्दाम बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुमना यूपीएस ते मस्त चाली ऱ्हायना. कॉम्प्युटरलेच झोप लागी गई." मग काउंटरकडे बोट करून, "आन् ही पोर बी दुपारले जेवीसन झोपस. दोन्ही सारखाच."

काउंटरपाशी उभे असलेले दोन-तीन सभासद हसले. रंजना खाली मान घालून कळफलक पुसत राहिली. बाई म्हणाल्या, "माझं चुकलं. वीज नाही. एक कारण कमी झालं." आणि रंजनाकडे वळून तिलाच फाडून खाल्ले: "तू गप्प का बसतेस गं? राग येत नाही तुला?"

रंजना हळू म्हणाली, "येतो बाई. पण सात हजारात राग बसत नाही."

बाईंनी स्कूटीची चावी उचलली. घरी येईपर्यंत स्कूटीवर माझ्यापुढे त्यांची पाठ ताठ होती, आणि मी मागे बसून मशीनचा विचार करत नव्हतो.

फेब्रुवारीत त्यांनी सरळ तो कॉम्प्युटर रिक्षात घालून घरी आणला. संस्थेचे काम आठ दिवस पप्पूच्या भाड्याच्या मशीनवर. बाईंच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी तो सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असे; त्यावर त्या खोट्या नोंदी चढवायच्या, माझ्या मुलीला गाणी लावायला सांगायच्या. आठ दिवसांत एकदाही थिजला नाही. परत नेला. दुसऱ्याच दिवशी दुपारी थिजला.

"म्हणजे दोष मशीनमध्ये नाही," बाई म्हणाल्या. "दोष ऑफिसात आहे."

बाई रोज सकाळी ऑफिसात जाऊन बसत. सकाळी मशीन धडधाकट. दुपारी थिजायचे. क्वचित सकाळीही थिजायचे, त्यामुळे धागा हाती लागेना. शेवटी मार्चमध्ये एक दिवस बाई भाकरी-भाजीचा डबा घेऊन गेल्या आणि संध्याकाळपर्यंत उठायचे नाही असे ठरवून बसल्या. मी त्या दिवशी तिमाही तपासणीला होतो, म्हणून पुढचे माझ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आमची संस्था जिथे आहे तिथून पुढे मिरचीच्या पथारी सुरू होतात. पथारी म्हणजे ज्या उघड्या मैदानावर मिरची वाळत घालतात ते. अगदी लगतची पथारी नानांची. हंगामात वारा सुटला की ऑफिसात लाल धूळ येते. चष्मा, पाण्याचा माठ, नोटा, सगळ्यांवर एक थर. नवा माणूस दहा मिनिटांत शिंकायला लागतो. आम्हांला सवय आहे.

दुपारी एकच्या सुमारास मिरचीचा लिलाव आटोपून नाना आले. बाहेर त्यांच्या चपलांचा आवाज झाला मात्र, रंजना चटकन उठली, कपाटातून लाल मखमलीची झूल काढली आणि काउंटरखालच्या कॉम्प्युटरच्या खोक्यावर चढवली. सोनेरी गोट लावलेली, मागे वायरींपुरते भोक, खालून नाडी. नाडी आवळून गाठ मारून ती खुर्चीवर बसली. सगळे मिळून अर्धे मिनिट. मशीन चालूच.

बाईंचा घास हातात राहिला. "हे काय केलंस?"

"नानांच्या आईनं शिवलंय बाई. धूळ जाऊ नये म्हणून. नाना आले की घालायचं, नाहीतर चिडतात. आईनं शिवलेलं आहे, उघडं ठेवायचं नाही म्हणतात. ते गेले की मी काढते, मला वायरींना हात घालायला त्रास होतो."

"आणि नाना सकाळी आले तर?"

"तर सकाळी घालते."

बाई उठल्या, झुलीच्या आत उलटा पंजा घातला आणि थांबल्या. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा घातला, आणि हात झटकून बाहेर काढला. थोड्या वेळात पडद्यावरचा बाण थिजला. बाईंनी नाडी सोडली, मशीन बंद केले, चष्म्याच्या घरातला पेचकस काढून बाजूचा पत्रा उघडला. आतल्या पंख्यावर आणि त्याखालच्या जाळीवर मिरचीच्या धुळीचा थर बसला होता, जाजमासारखा. बोटाने सोलून काढता येत होता. बाईंना सात शिंका आल्या. शिंका संपल्यावर त्या म्हणाल्या, "ताप आलेल्या पोराला गोधडी घालता रे तुम्ही! नाकात मिरची भरून वर गोधडी!"

घरी मशीन का चालले याचाही उलगडा झाला. धूळ तीच होती, पण बाईंनी झूल आणलीच नव्हती. धुळीने मशीन धापा टाकत होते, झुलीने त्याचा श्वास कोंडत होता.

मला वाटले, संपले. मी भोळा आहे. मार्चच्या बैठकीत बाईंनी सर्व संचालकांसमोर झूल घालून, चहा मागवून, मशीन थिजवून दाखवले. चहाचे कप रिकामे व्हायच्या आत थिजले. झूल काढली, पंखा साफ केला, तासभर चालवले, चालले. लहान पोराला कळावे इतके स्पष्ट. एका संचालकाने टाळीसाठी हात उचलला होता, नानांचा चेहरा पाहून त्याच हाताने मिशी पुसली.

नाना म्हणाले, "मन्ही मायनी शिवेल शे ते. मन्ही मायनी काय वाईट करं?"

"तुमच्या आईबद्दल मी अवाक्षर बोललेली नाही. मुलीचे पैसे परत करा."

"मशीनना दोष सापडना, बेस शे. ठराव ते ठराव. तो फिरस नही."

आणि ठराव फिरला नाही. कार्यवृत्तात लिहिले गेले: 'संगणकातील तांत्रिक बिघाड दूर करण्यात आला.' धूळ कोणाच्या पथारीची, झूल कोणाच्या हुकमाची, हे काही नाही. मार्चचे चौदाशे कापले. एप्रिलचे कापले. तीस एप्रिलला रंजना टेबल पुसून, किल्ल्या मोजून देऊन गेली. जाताना तिने मला नमस्कार केला. मला तो घेववला नाही.

एक मेपासून बाईंनी जे केले ते कोणा निवृत्त शिक्षिकेने केलेले मी ऐकलेले नाही. नंदुरबारचा मे महिना. दुपारी रस्त्यावर कुत्रे दिसत नाही. नानांच्या केबिनमध्ये एक टेबलफॅन. बाई एक वाजता आल्या, केबिनमध्ये गेल्या, ती लाल झूल त्या चालत्या पंख्यावर घातली, नाडी आवळली, आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"काय करी ऱ्हायनात तुम्ही?"

"धूळ जाऊ नये म्हणून. आईनं शिवलंय, उघडं ठेवायचं नाही."

नानांनी झूल काढली. बाईंनी घातली. नानांनी शिपायाला हाक मारली. शिपाई दारात येऊन झुलीकडे पाहून म्हणाला, "आजीनी शिवेल शे नाना, मी कशी काढू?" आणि परत गेला. त्याने हे भक्तीने म्हटले की मजेने, ते मला आजही ठरवता येत नाही. बाई रोज आल्या. कर्जाला आलेले सभासद दारातून डोकावून जाऊ लागले. भाजीबाजारात लोक एकमेकांना विचारू लागले, "आज झूल घाली का?" नानांनी बाईंना पोलिसांची भीती घातली, बाई म्हणाल्या, "बोलवा. मी त्यांना मशीनवर घालून दाखवते, मग पंख्यावर."

आठवडा उलटल्यावर बातमी नानांच्या आईच्या कानावर गेली. म्हातारी रिक्षाने आली. पंच्याऐंशीची, काठी टेकत, पण आवाज खणखणीत. केबिनच्या दारात उभी राहून पंख्यावरची झूल पाहिली. "मन्ही झूल पंखावर कोनी घाली?"

"मी," बाई म्हणाल्या, आणि उठून आपली खुर्ची तिला दिली. मग साधेपणाने, एकाही शब्दावर आवाज न चढवता, सगळे सांगितले. बाई इतके हळू बोलू शकतात हे मला माहीत नव्हते.

म्हातारीने ऐकले आणि मुलाकडे वळली. "रातले झाकाले शिवी व्हती मी ती. बंद मशीनवर. चालू मशीनवर घाल, असं कोनी सांगं तुले?"

नानांनी झुलीची नाडी सोडायला घेतली.

"चूल पेटेल व्हई तवय वर टोपलं झाकतस का रे? तिना पैसा दी टाक."

एकतीस मेला नानांनी पाकीट आणले. आठ हजार चारशे. सोबत सहीसाठी पावती: 'गरीब कर्मचाऱ्यास मदत.' बाईंनी ती पावती चार तुकडे करून नानांच्या टेबलावर ठेवली. "मदत नाही. परतफेड. आणि संस्था कर्जावर चौदा टक्के घेते ना? मग तिच्याकडून बिनव्याजी कसे घेतलेत?" माझ्याकडे वळल्या. "सांगा हो, किती?" मी आधीच काढून ठेवले होते. प्रत्येक हप्ता कापल्यापासून त्या दिवसापर्यंत: तीनशे त्रेचाळीस. नानांनी साडेतीनशे टाकले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वरना." बाईंनी सात रुपये सुटे करून परत दिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने तळोद्याला गेलो. मी साक्षीदार म्हणून. आदिवासी विकास कार्यालयाच्या रस्त्याला, डोंगरात जाणाऱ्या जीप जिथे उभ्या असतात तिथे, एका झेरॉक्सच्या दुकानात रंजना लोकांचे फॉर्म भरून देत होती. तिच्या कॉम्प्युटरचा बाजूचा पत्रा काढलेला होता आणि आतल्या पंख्यावर धुळीचा कण नव्हता. बाईंनी पैसे तिच्या हातात दिले. तिने मोजले, शेवटच्या तीन नाण्यांसकट.

"परत बोलावतील तुला. मी ठराव आणते," बाई म्हणाल्या.

"नको बाई. पैसे घेते, माझे आहेत. त्या खुर्चीवर नाही बसणार."

"राग आला?"

"आता आला." रंजना हसली. "आता परवडतो."

बाईंनी त्या उघड्या खोक्याला उलटा पंजा लावला, थोडा वेळ तसाच ठेवला. "ठीक आहे," म्हणाल्या. बाहेर ऊन असे होते की डोळे उघडवेनात. एका जीपवाल्याने इंजिन चालू ठेवून रस्ता अडवला होता. बाई त्याच्यावर ओरडत, पदर डोक्यावर घेऊन, जीपच्या बॉनेटवर हात आपटत त्या उन्हात चालत गेल्या, आणि मी मागून पिशवी घेऊन.

पुढच्या डिसेंबरात त्या गेल्या. अंत्यविधीला चिंचपाड्याला नाना आले नव्हते. रंजना आली होती.

साडूंच्या खात्यातले जादा आठ हजार चारशे अजून तिथेच आहेत. मी दर तिमाहीला अहवालात लिहितो, दर तिमाहीला ते वाचले जात नाही. पप्पूला दिलेले तीन हजार बुडीत. माफी कोणी मागितली नाही. नानांच्या खिशातून, परतफेड म्हणून, व्याजासह आठ हजार सातशे त्रेचाळीस रुपये रंजना पाडवी हिला रोख पोचले.